पेनामागचा हिमालय

माझ्या नवऱ्याने केलेलं पहिलं लाकडी पेन मी हिमालयावर ठेवलं होतं. खरा हिमालय मी अजून पाहिलेला नाही. लेकीने माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात पेनाच्या कडेने बोट फिरवलं की मागचं सगळं नाहीसं व्हायचं आणि तिथे हवं ते आणून ठेवता यायचं. गुलाबाची बाग, निळं तळं, पौर्णिमेचा चंद्र. मी हिमालय घेतला, कारण यादीत तो पहिला होता.

त्याआधी त्या पेनाचे फोटो मी आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत, कठड्यावर ठेवून काढत होते. मागे समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरी आणि पाण्याची टाकी यायची. एकदा एक कबुतर आलं, तेही पेनापेक्षा स्पष्ट. फोटो पाहून लेक म्हणाली, "आई, पेन विकतेयस की चादरी?" लेक वाघोलीला राहते, आयटीत आहे. तिला वेळ कमी असतो, म्हणून ती थोडक्यात बोलते. मी मात्र तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर सरकारी कार्यालयात जुन्या कागदांची बाडं सांभाळली. आता सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न होता. ॲप शिकायला मला भरपूर वेळ होता.

यांच्याबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही दोघेही विदर्भातले. लग्न झालं तेव्हा हे भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते आणि हातात कसब होतं. लेक दोन वर्षांची असताना प्रेस मशीनवर यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरापासून गेलं आणि शेजारच्या बोटाचं टोक गेलं. मग कारखान्याने यांना टूलरूममधून उचललं आणि स्टोअरमध्ये बसवलं. स्टोअरचं काम म्हणजे दिवसभर लिहिणं. ज्याची लिहायची बोटं गेली, त्याला लिहायच्या कामावर बसवलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हे अंगठा आणि तिसरं बोट यांच्यात पेन धरून लिहायला शिकले. बाजारातलं बारीक पेन त्या पकडीत ठरायचं नाही, गोल फिरायचं. म्हणून पेनाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचे. असं निवृत्तीपर्यंत चाललं. निवृत्तीनंतर यांनी एक छोटा लेथ घेतला, मागच्या बंद बाल्कनीत बसवला आणि पहिलं काम कोणतं केलं, तर स्वतःसाठी पेन. सागाचं, चांगलं जाड, आणि एका अंगाला अंगठा टेकेल असा उथळ खळगा असलेलं. लेथवर सगळं गोलच निघतं, खळगा निघत नाही. तो कानशीने आणि पॉलिश पेपरने हळूहळू घासून काढावा लागतो. त्या एका खळग्याला यांना दोन दिवस लागले.

तेच पेन मी हिमालयावर ठेवलं.

मोबाइलवर पेनांची हौस असलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे. लेकीने मला त्यात घातलं. मी फोटो टाकला आणि चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा पहिलं उत्तर आलेलं होतं.

"पेन विकायचं आहे की सहल काढायची आहे?"

लिहिणारे गृहस्थ बहुधा निवृत्त प्राध्यापक असावेत. त्यांचं शुद्धलेखन फार चांगलं होतं. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे लिहिलं, "हिमालयावर ऊन डावीकडून आहे आणि पेनावर उजवीकडून. आपल्याकडे सूर्य दोन आहेत काय?" त्याखाली आणखी एक ओळ होती. "पेनाला सावली दिसत नाही. भूत असावं."

लोकांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. मी लिहिलं, "सूर्याची चौकशी करते आणि कळवते." आणि फोन पालथा ठेवला. कानशिलं तापली होती. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. पेन आवडलं लोकांना."

दुपारी पुन्हा फोटो उघडून पाहिला. गृहस्थांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. इतकंच नाही, क्लिप आणि टोपण यांच्या मधल्या फटीतून समोरच्या इमारतीतली निळी चादर अजूनही डोकावत होती. बर्फात, बरोबर शिखराच्या शेजारी. ती त्यांच्या नजरेतून सुटली होती, एवढंच माझं नशीब.

तो फोटो मी काढून टाकू शकले असते. टाकला नाही. आमच्या पेनांचं जे पान लेकीने इंटरनेटवर करून दिलंय, त्यावर तो आजही सगळ्यात खाली आहे. सुरुवात कुठून झाली ते लपवायचं कशाला?

मग मी शिकायला बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी नऊ ते साडेदहा तिरपा उजेड येतो. त्यातच लाकडाच्या रेषा नीट दिसतात, दुपारी त्या मरतात. पेनाच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळोखी बाजू उजळते. पेनाची कड कापताना घाई केली की ते कात्रीने कापल्यासारखं दिसतं. सावली वेगळी रंगवायची, कडेला पुसट करायची आणि पेनाच्या पोटाखाली गडद ठेवायची, नाहीतर पेन तरंगतं. आणि दिवसाच्या ज्या वेळी पेनाचा फोटो, त्याच वेळचं मागचं चित्र. सूर्य एकच, हे मी आता कधीच विसरत नाही.

ग्रुपवर फोटो सुधारले तशी चेष्टा कमी झाली, पण सल्ले वाढले. मागचं काढून टाका, पांढरं ठेवा, पेन व्यवस्थित दिसतं. सगळेच पांढरं ठेवतात. मी दोनचार वेळा ठेवून पाहिलं. पांढऱ्यावर ठेवलेलं पेन मला पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तूसारखं दिसतं. कार्यालयात असे फोटो मी फायलींना खूप लावलेत. मी लिहिलं, "पांढरं करणार नाही. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे."

त्याऐवजी मी ॲपमधली चित्रं सोडली आणि स्वतः काढलेली वापरायला लागले. जे लाकूड, त्याची जागा. माहेरी गेले तेव्हा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीचे फोटो काढून आणले. यांनी बाभळीचं पेन केलं की त्यामागे ती काळी माती आणि ते पिवळं ऊन. शेजारची सोसायटी पाडून नवी बांधायला काढली, तेव्हा यांनी तिथल्या सागाच्या चौकटीचा तुकडा मागून आणला. त्या पेनामागे मी अर्धवट पाडलेली भिंत लावली, निळा रंग उडालेली, खिळ्यांच्या खुणा असलेली. आणि प्रत्येक फोटोखाली, जुन्या हिमालयाखालीसुद्धा, एक ओळ लिहायची सवय ठेवली. मागचं चित्र जोडलेलं आहे, पेन जसं आहे तसं आहे.

हे बघायचे आणि म्हणायचे, "एवढा खटाटोप कशाला? पेन बघून घेतील ज्यांना घ्यायचं ते." पण नवीन पेन पूर्ण झालं की लेथ पुसून आधी माझ्याकडेच यायचे. "याला कुठे ठेवणार?" असं विचारायचे.

एक गोष्ट मात्र अडत होती. फोटोत पेन किती जाड आहे ते कळत नव्हतं. लोक विचारायचे, हातात धरलेलं दाखवा. मी माझा हात धरून पाहिला. माझ्या हातात ते पेन बसतच नाही. खळगा भलत्याच बोटाखाली येतो. यांना म्हटलं, तुम्ही धरा.

"हात नको दाखवूस," हे म्हणाले. "लोक पेन बघणार नाहीत. बोटं बघतील."

यांच्यासोबतचे आमचे सगळे फोटो मी नजरेसमोर आणले. लेकीच्या शाळेतले, तिच्या लग्नातले. प्रत्येकात यांचा उजवा हात खिशात आहे किंवा मागे आहे किंवा कुणाच्या तरी खांद्याआड आहे. इतकी वर्षं मी ते पाहत होते आणि पाहिलं नव्हतं. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग नाशिकहून एक पत्र आलं. पोस्टाने आलेलं, हाताने लिहिलेलं. एका निवृत्त शिक्षिकेने आमच्याकडून बाभळीचं पेन घेतलं होतं. संधिवाताने त्यांची बोटं वाकली होती आणि चारपाच वर्षांत सहीपलीकडे त्यांनी काही लिहिलं नव्हतं. या पेनाने दोन पानं लिहिता आली, ती हीच, असं त्यांनी लिहिलं होतं. अक्षर थरथरतं होतं पण ओळ सरळ होती. शेवटी विचारलं होतं, "अंगठ्याशी खळगा करावा, हे कुणाला सुचलं?"

यांनी पत्र एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग लेथकडे गेले, काहीतरी उगीच इकडचं तिकडे केलं आणि परत आले.

"घे," हे म्हणाले. "काढ हाताचा फोटो."

मी यांना खिडकीशी बसवलं. हात लाकडासारखा ताठ झाला होता. मी म्हटलं, "अहो, नुसतं धरू नका. काहीतरी लिहा." यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली. नट, बोल्ट, वॉशर, स्प्लिट पिन. स्टोअरची यादी. तिसऱ्या ओळीपर्यंत हात मोकळा झाला आणि मी फोटो काढला. अर्धं बोट पेनाच्या पाठीवर टेकलेलं, अंगठा खळग्यात, नखाखाली पॉलिशचा तपकिरी डाग. मागे मी माहेरची बाभूळ लावली. माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. ग्रुपवरच्या त्या शुद्ध लिहिणाऱ्या गृहस्थांनीही खाली एवढंच लिहिलं, "सूर्य एक आहे."

तो फोटो पाहूनच प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. हाताने केलेल्या वस्तूंचं दोन दिवसांचं प्रदर्शन, जवळच्याच एका हॉलमध्ये. भरवणारा तिशीतला, अतिशय नम्र माणूस. प्रत्येक वाक्यात मॅम. आमच्यासाठी एक टेबल आणि कॅटलॉगमध्ये एक पूर्ण पान. त्याने तोच फोटो मोठ्या आकारात मागवला. मी पाठवला. यांनी त्या प्रदर्शनासाठी नवी पेनं करायला घेतली. बाल्कनीतून लाकडाचा भुसा स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला.

प्रदर्शनाच्या दहाएक दिवस आधी कॅटलॉग कसा झालाय ते पाहायला त्याने आमचं पान पाठवलं. मी चहा गाळत होते. हे टेबलाशी बसून टॅबवर ते उघडत होते. "आलं बघ आपलं पान," हे म्हणाले आणि टॅब जवळ ओढला.

मी मागे जाऊन उभी राहिले. पेन आमचं होतं. बाभूळ गेली होती, तिथे करडा रंग आला होता. आणि पेन धरलेला हात दुसऱ्याचा होता. गोरा, गुळगुळीत, लांब बोटांचा, पाचही बोटं शाबूत. नखं अशी की त्या हाताने कधी कांदासुद्धा चिरला नसावा.

"बरा दिसतोय की," हे हळूच म्हणाले.

मला लागलं ते त्या पानामुळे नाही. यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. जणू कुणीतरी समजूतदारपणे यांचा हात परत खिशात घालून दिला होता.

मी काही म्हणणार एवढ्यात यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. चष्मा कपाळावर घेऊन टॅब नाकाशी धरला.

"खळगा कुठाय?"

"काय?"

"अगं, खळगा कुठाय पेनाचा? बघ. बुजवलाय यांनी. लाकडाच्या रेषा ओढून सरळ केल्यात." यांचा आवाज चढला. हे कधी आवाज चढवत नाहीत. "यांना वाटलं पेनाला पोचा आलाय! दोन-दोन दिवस घासतो मी एकेक खळगा, आणि यांना तो पोचा वाटला!"

टॅब टेबलावर ठेवून हे उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा हात त्या पेनाने लिहूच शकत नाही. धरलंय कसं बघ. पहिल्या ओळीला निसटेल." आणि थोड्या वेळाने, "फोन लाव त्याला."

मी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"हो मॅम! कॅटलॉग पाहिलात? एकदम क्लीन झालाय ना?"

"पाहिला. त्यातला हात कुणाचा आहे?"

"तो आम्ही रीटच केलाय मॅम. एआयवर. ओरिजिनल फोटो सुंदरच आहे, पण… गैरसमज करून घेऊ नका. लोक फॅमिली घेऊन येतात. थोडं डिस्टर्बिंग वाटतं."

"कुणाला?"

"जनरली, मॅम."

"जनरली म्हणजे तुम्हाला."

"तसं नाही हो. आणि एडिटिंग तर तुम्हीही करता. मी तुमचं पान पाहिलंय. तुम्ही पेनामागे अख्खा हिमालय टाकलाय. आम्ही फक्त दीड बोट टाकलं."

वाक्य चांगलं होतं. माझ्याजवळ असतं तर मीही वापरलं असतं. हे खिडकीशी वळून माझ्याकडे बघत होते. हिमालय, चादर, दोन सूर्य, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तो म्हणत होता त्यात तथ्य होतं का? मी बर्फ आणला होता, जो तिथे नव्हता. मग मी चिडले होते कशावर?

"हिमालयाने पेन केलेलं नाही," मी म्हटलं. "त्या हाताने केलंय."

पलीकडून नुसतं "मॅम…" आलं.

"आणि मी हिमालय टाकते तेव्हा खाली लिहिते की मागचं चित्र जोडलेलं आहे. तुम्ही तुमच्या पानावर लिहिणार आहात का, हात जोडलेला आहे म्हणून?"

यांना हसू आलं. फोनवरच्या माणसाला आलं नाही. तो म्हणाला, फार तर नुसतं पेन घेऊ, पांढऱ्यावर, हातच नको. तो सगळ्यांसाठी सोयीचा मार्ग आहे. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. नाही.

"मग आमचं पान काढून टाका," मी म्हटलं. "टेबल आमचं ठरलेलं आहे. ते आम्ही मांडणार."

फोन ठेवल्यावरही मी धुमसत होते. एवढं काय त्यात, असं कुणी म्हणेल. माझ्या आजोबांनी गावातली विहीर खणली होती. विहिरीच्या दगडावर ज्याचं नाव आहे त्याने कधी कुदळ धरली नव्हती. आणि विहिरीला पाणी लागल्यावर आजोबांना तिथे पाणी भरायची बंदी होती. खणणाऱ्यांचे हात काम होईपर्यंतच लागतात, मग ते दिसायला नको असतात. आमच्या घरात सही करणारे पहिले माझे वडील, त्यांच्या आधी सगळे अंगठेच. चौदा एप्रिलला, जयंतीला, आमच्या वस्तीत मिठाई वाटोत न वाटोत, मुलांना पेन आणि वही मिळायचीच. पेन ही आमच्याकडे नुसती लिहायची वस्तू कधीच नव्हती. आणि आता आमच्याच घरात पेन तयार होत होतं, तर हात पुसायला निघाले होते. तेही किती नम्रपणे. मॅम, मॅम करत.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. मूळ फोटो, बाभूळ आणि हातासकट, तीन फूट बाय दोन फूट छापून हवा होता. संगणकावर बसलेल्या बाईंनी फोटो उघडला आणि आपुलकीने म्हणाल्या, "ताई, बोट करून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे."

"त्याला हात लावू नका," मी म्हटलं. मग त्यांचा चेहरा पडलेला पाहून सांगितलं, "माझ्या मिस्टरांचा हात आहे. तसाच आहे तो."

त्या जरा वरमल्या. मग त्यांनीच छपाई थांबवून कागद बदलला. यावर रंग नीट येतात, चामडी चामडीसारखी दिसते, म्हणाल्या. खाली ओळ टाकायला सांगितली, तीही त्यांनी दोनदा तपासली. मागचं चित्र जोडलेलं आहे. पेन आणि हात जसे आहेत तसे आहेत.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही नऊ वाजता टेबल मांडलं. एका बाजूला घरी केलेले साबण, दुसऱ्या बाजूला विणलेल्या पिशव्या. मी पोस्टर मागच्या पडद्याला टाचण्यांनी लावलं. दहाच्या सुमाराला तो भरवणारा आला. प्रत्यक्षात फोनवरच्यापेक्षा लहान दिसत होता.

"मॅम, आपलं ठरलं होतं ना?"

"आपलं काही ठरलं नव्हतं. तुम्ही ठरवलं होतं."

"बाकीच्या स्टॉलवाल्यांना ऑड वाटेल."

साबणवाल्या बाई साबण रचता रचता म्हणाल्या, "मला काही वाटत नाहीये." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. आमची त्या आधीची ओळखही नव्हती.

तो पोस्टरकडे बघत उभा राहिला. मग यांच्याकडे बघितलं. यांचा हात टेबलाखाली होता. सवय एका दिवसात जात नाही. तो म्हणाला, "सर, तुम्हाला पर्सनली चालणार आहे का हे?" मला वाटलं, आता हे पूर्वीसारखे गप्प बसतील. हे उठले. उजव्या हाताने टेबलावरचं एक पेन उचललं, त्याच्या हातातली फाइल घेतली, टोपण काढून वरच्या कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली आणि फाइल त्याच्यासमोर धरली. यांचं अक्षर फार सुरेख आहे. लिहिलं होतं, चालणार आहे.

तो गेला. पोस्टर राहिलं.

सगळ्यांना आवडलं असं मुळीच नाही. काही जण पोस्टर बघून दोन पावलं अलीकडेच वळायचे, पिशव्यांकडे. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "काय तरी लावतात." एक गृहस्थ बराच वेळ पेनं चाळून मला बाजूला घेऊन म्हणाले, "चांगली आहेत हो. पण तो फोटो बदललात तर जास्त खपतील." मी म्हटलं, "पेनं खपवायची आहेत, नवरा नाही." त्यांनी पेन घेतलं नाही.

पण जे थांबले ते थांबलेच. पेन हातात घेऊन लिहून बघायचे, अंगठा खळग्यात जायचा आणि आधी पोस्टरकडे, मग यांच्याकडे बघायचे. "तुम्हीच का?" हे म्हणायचे, "मीच." मग कसं धरायचं ते दाखवायचे. दुपारनंतर यांचा हात टेबलाखाली गेलाच नाही. संध्याकाळी एक कॉलेजची मुलगी आली, तिने विचारलं, "काका, दुखतं का अजून?" हे म्हणाले, "थंडीत. गेलेलं बोट दुखतं, राहिलेलं नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

दोन दिवसांत निम्मीही पेनं गेली नाहीत. कॅटलॉग दारातच ठेवलेला होता, गुळगुळीत कागदाचा, त्यात आम्ही नव्हतो. त्या माणसाने पुढच्या प्रदर्शनाला बोलावलं नाही आणि बोलावणारही नाही. लेक म्हणाली, "आई, थोडं ॲडजस्ट केलं असतंस तर?" मी म्हटलं, "तू आयटीत कर ॲडजस्ट. मी आता निवृत्त आहे."

तिला राग आला असावा, पण पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. त्यांच्या सोसायटीबाहेरचं चिंचेचं मोठं झाड रस्तारुंदीसाठी तोडलं होतं. तिने एक ओंडका गाडीत घालून ठेवला होता. चिंचेचं लाकूड कठीण, वाळायलाही वेळ घेतं. यांनी त्याचे ठोकळे कापून टोकांना मेण लावून ठेवले आणि वर्षभर थांबले. गेल्या महिन्यात त्याचं पहिलं पेन झालं. लालसर, मध्ये जांभळट काळी रेघ.

फोटो काढायला मी वाघोलीला गेले. झाड होतं तिथे आता फरसबंदी होती आणि सोसायटीचा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हात बसला होता. मी मोबाइल धरला तसा तो म्हणाला, "मावशी, काय काढताय? हितं काय बी न्हाई."

"चिंच होती ना इथे?"

"व्हती की. लई मोठी. दुपारचं आमी तिच्याच सावलीला बसायचो." तो खुर्ची उचलून बाजूला व्हायला लागला. "थांबा, तुमच्या फोटूत येतोय मी."

"बसा तिथेच," मी म्हटलं. "फोटोत तुम्हीही या."